मैत्रीण गेली, आता पुनरुत्थानाची आशा कशी धरायची?

प्रश्न थोडक्यात असा: जिवलग मैत्रीण दोन महिन्यांपूर्वी कर्करोगाने गेली. दोघी चर्चच्या एकाच मंडळीत, एकाच संडे स्कूलमध्ये वाढल्या. मंडळीतले लोक म्हणतात, "रडू नका, ती प्रभूच्या घरी आहे." ते ऐकून राग येतो, आणि राग आला म्हणून अपराधी वाटतं. पुढच्या महिन्यात तिच्या स्मरणार्थ उपासना आहे, तिथे चार शब्द बोलायचे आहेत. तिच्या घरी नवरा आणि दोन लहान मुलं आहेत. पुनरुत्थानाची आशा म्हणजे नेमकं काय, ती मला ओळखेल का, आणि या सगळ्यात मी काय करायचं?

ताई, आधी तुमच्या जागेबद्दल बोलू. आपल्याकडे मैत्रिणीच्या दुःखाला नाव नसतं. निधनाच्या बातमीत पती, मुलं, सासू, दीर, भाऊ यांचा उल्लेख येतो आणि शेवटी 'असा परिवार आहे' म्हणून पूर्णविराम पडतो. चर्चमध्ये पुढचे बाक घरच्यांचे, कबरीत पहिली मूठ माती घरच्यांची, ऑफिसातली रजा रक्ताच्या नात्यापुरती. शाळेपासूनची सोबत तुटलेली बाई तिसऱ्या दिवशी कामावर असते आणि तिला कुणी "कशी आहेस" म्हणत नाही. तुमच्या रागात याचाही वाटा असू शकतो.

योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय या बाबतीत फार वेगळा आहे. बेथानीच्या घरात मार्था आणि मरीया या बहिणी भाऊ लाजर गेल्यामुळे नात्याने शोक करताहेत. येशू त्या घरचा नातेवाईक नाही, मित्र आहे. बहिणींनी पाठवलेल्या निरोपात भावाचं नावसुद्धा नाही. "ज्याच्यावर आपलं प्रेम आहे तो आजारी आहे" एवढंच त्यात आहे, आणि कोण ते समजायला तेवढं पुरतं. पुढे येशू शिष्यांना सांगतो, "आपला मित्र लाजर झोपला आहे." 'आपला' म्हणतो. म्हणजे ख्रिस्ती धर्मात पुनरुत्थानाबद्दलचं सर्वांत मोठं वाक्य, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे", हे एका मित्राच्या मरणाच्या प्रसंगी उच्चारलेलं आहे. या आठवड्यात तो अध्याय पहिल्या ओवीपासून (ओवी म्हणजे बायबलमधलं क्रमांक दिलेलं वचन) चव्वेचाळिसाव्या ओवीपर्यंत एकदा मोठ्याने वाचा. सहा-सात मिनिटं लागतात. खाली जे लिहितो आहे ते बहुतेक त्यातूनच निघतं.

रडण्याचं आधी. "येशू रडला" ही पस्तिसावी ओवी सगळ्यांना पाठ असते, पण ती कुठे येते इकडे लक्ष जात नाही. लाजराला उठवायचं हे येशूने आधीच ठरवलेलं आहे, शिष्यांना तसं सांगितलेलंही आहे. पाच-दहा मिनिटांत मित्र कबरेबाहेर येणार हे ठाऊक असलेला माणूस कबरेकडे जाताना रडतो. तेव्हा पुढची गोष्ट माहीत असणं आणि आत्ता रडू येणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी राहू शकतात. त्याआधीच्या तेहेतिसाव्या ओवीत जे ग्रीक क्रियापद आहे ते तर रागाचं आहे. तोच शब्द जुन्या ग्रीकमध्ये घोड्याच्या फुरफुरण्यासाठी वापरलेला सापडतो. मराठी भाषांतरांत तिथे कुठे 'खवळला', कुठे 'व्याकूळ झाला' असं येतं. मित्राच्या कबरेकडे जाताना येशूला राग आला होता. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मरणाला 'शेवटला शत्रू' म्हटलं आहे. शत्रूचा राग येणारच. तुमचा राग अविश्वासातून आलेला नाही, त्याबद्दल क्षमा मागत बसू नका.

"पण येशूने स्वतः एका बाईला 'रडू नको' म्हटलं होतं," असं कुणीतरी सांगेल. खरं आहे, लूकच्या सातव्या अध्यायात नाईन गावच्या विधवेला तो तसं म्हणतो. आणि लगेच तिरडीला हात लावून तिचा मुलगा जिवंत करून तिच्या हाती देतो. ज्याला ते करता येतं त्याने खुशाल "रडू नको" म्हणावं. आपल्याला ते करता येत नाही, तेव्हा ते वाक्य आपल्या तोंडचं नाही. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राची जी ओवी अशा वेळी पुढे करतात (अध्याय ४, ओवी १३), ती अर्धीच वाचली जाते. "आशा नसलेल्या इतरांसारखा तुम्ही खेद करू नये" असं तिथे आहे. खेद करूच नये, असं पौल म्हणत नाही. खेद कसा करावा एवढंच तो सांगतो.

आता आशा. इथे मराठी ख्रिस्ती घरांत एक गोंधळ असतो आणि तो स्वाभाविक आहे, कारण आपल्या भोवतीची भाषा 'आत्मा अमर, देह म्हणजे जुनं वस्त्र' अशी आहे. सांत्वनाला आलेला माणूस तेच बोलतो, ख्रिस्ती माणूसही बोलतो. पण प्रेषितांच्या विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत मिळून म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत, आपण दर रविवारी म्हणतो ते 'शरीराचे पुनरुत्थान'. शब्द नीट फोडून पाहा: पुनः आणि उत्थान, पुन्हा उठणं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही उभं राहणं असाच आहे. यात दुसरा जन्म नाही, दुसरी व्यक्ती नाही, आणि देह टाकून वाफेसारखं वर जाणंही नाही. जी आडवी झाली तीच उभी राहणार. तुमची मैत्रीण म्हणजे तिच्या आतला एखादा न दिसणारा अंश नव्हता. तिचं हसणं, चालणं, पोळी लाटतानाचे हात, हे सगळं मिळून ती होती. देवाने वचन दिलं आहे ते या सगळ्यासकट तिच्याबद्दल. म्हणूनच ती गेली याचं दुःख एवढं मोठं आहे. देह ही नुसती खोळ असती तर रडण्याचं कारणही लहान झालं असतं.

लाजराचं उठणं आणि येशूचं उठणं यांतला फरकही लक्षात ठेवा, कारण बोलताना तो हमखास सुटतो. लाजर बाहेर येतो तो हातपाय पट्ट्यांनी बांधलेला, तोंडाला रुमाल गुंडाळलेला. दुसऱ्यांना त्याला सोडवावं लागतं. तो पुन्हा मरणार होता. पुढच्याच अध्यायात मुख्य याजक त्याला ठार मारायचा बेत करतात. नऊ अध्यायांनंतर, विसाव्या अध्यायात, येशूच्या कबरेत पट्ट्या तशाच पडलेल्या आहेत आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला आहे. त्याला कुणी सोडवलं नाही. आपली आशा येशूच्या उठण्यासारखी आहे. मैत्रीण पूर्वीच्याच आजारी शरीरात, पूर्वीच्याच वेदनांकडे परत यावी, असं आपण मागत नाही. पौल दाण्याची उपमा देतो: पेरतो तो दाणा, उगवतं ते कणीस. सलग आहे, तरी वेगळं आहे. ज्याच्या घरी जोंधळा पेरला जातो त्याला हे जास्त समजावून सांगावं लागत नाही. दफनासाठी पौल क्रियापदच 'पेरणे' असं वापरतो.

मुंबईसारख्या शहरात याला जोडून एक कठीण प्रसंग येतो. जागा कमी असल्यामुळे ठरावीक मुदतीनंतर कबर उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि ती जागा दुसऱ्याला देतात. काही कुटुंबं आता दहनही निवडतात. कॅथोलिक चर्चने १९६३ साली त्याला परवानगी दिली, मात्र दफन पसंत धरलं आणि रक्षा विखरू नये असा नियम ठेवला. अशा वेळी घरचे विचारतात, "मग शरीर कुठलं उठणार?" हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सन १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात ख्रिस्ती लोकांना मारल्यावर त्यांचे देह जाळून राख र्‍होन नदीत टाकली गेली, ती यासाठीच, की यांना उठण्याची आशाच उरू नये. तिथल्या मंडळीने ते सगळं पत्रात लिहून ठेवलं आणि आशा सोडली नाही. मातीतून घडवणाऱ्याला माती कुठे आहे हे शोधावं लागत नाही. कबर उघडण्याची नोटीस येते तेव्हा मात्र घरच्यांना एकटं पाठवू नका. कागदावर ती साधी सही असते, प्रत्यक्षात ते दुसरं दफन असतं.

"ती मला ओळखेल का?" यावर जेवढं लिहिलं आहे तेवढंच सांगतो, पण ते कमी नाही. मग्दालीया मरीयेने (ही बेथानीची मरीया नव्हे) उठलेल्या येशूला आधी माळी समजलं. त्याने नावाने हाक मारली तेव्हा ओळखलं. अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघांनी भाकर मोडताना ओळखलं. थोमाला त्याने खिळ्यांचे वण दाखवले. लूक सांगतो की त्याने शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. यावरून दोन गोष्टी म्हणता येतात. बदल एवढा आहे की ओळख पटायला क्षणभर लागतो. आणि ओळख पटते ती नाव, सवय, वण यांतूनच. आयुष्यात जे सोसलं ते पुसून टाकलेलं नाही. थेस्सलनीकाच्या लोकांना हीच काळजी होती की आपण आणि आपले गेलेले लोक वेगळे पडू की काय. पौल त्यांना 'त्यांच्याबरोबर' असा शब्द देतो आणि शेवटी म्हणतो, या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. हे पत्र साधारण सन ५० च्या सुमाराचं, म्हणजे वधस्तंभानंतर जेमतेम वीस वर्षांचं. आपल्या माणसांची भेट ही काही नंतर कुणी घातलेली भर नाही. लग्नाबद्दल येशूने सांगितलं आहे की पुनरुत्थानात लग्न करणं नाही. मैत्रीबद्दल तसं कुठेही म्हटलेलं नाही. उलट "मी तुम्हांला मित्र म्हटलं आहे" हे त्याने मरणाच्या आदल्या रात्री म्हटलं. ती कशी दिसेल, किती वर्षांची असेल, आपण काय बोलू, याबद्दल शास्त्र गप्प आहे. आपणही गप्प राहावं. विशेषतः मुलांसमोर.

आणि आत्ता, या मधल्या काळात, ती कुठे आहे? 'ख्रिस्ताबरोबर' एवढं पौल म्हणतो, वधस्तंभावरच्या चोराला येशू 'आज माझ्याबरोबर' म्हणतो. पुढे कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट वाट वेगळी होते: कॅथोलिक गेलेल्यांसाठी प्रार्थना करतात, सातव्या दिवसाची, महिन्याची मिस्सा (चर्चमधली भाकर-द्राक्षारसाची उपासना) ठेवतात, २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात, बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या देवाचे आभार मानतात आणि मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना करतात. वसईकडची कॅथोलिक मावशी आणि अहिल्यानगरकडचे प्रोटेस्टंट काका एकाच खोलीत असतील तर हा वाद शोकघरात निघतो. तो तुम्ही काढू नका आणि कुणी काढला तर चहाला उठा.

आता कामाचं बोलू. बेथानीत येशूने स्वतः केलेली गोष्ट एकच आहे: "लाजरा, बाहेर ये" ही हाक. कबरेच्या तोंडावरची धोंड त्याने काढली नाही, "धोंड काढा" असं लोकांना सांगितलं. पट्ट्याही सोडल्या नाहीत. "त्याला मोकळं करा, जाऊ द्या" म्हणाला. हाक त्याची, धोंड आणि पट्ट्या मित्रमंडळींच्या. शोकघरात जे बिघडतं ते बहुधा ही वाटणी उलटी झाल्यामुळे: लोक देवाच्या वतीने हाक द्यायला जातात, म्हणजे मरणाचा अर्थ सांगतात, देवाची योजना उलगडतात, आणि धोंड तशीच राहते, म्हणजे गॅसचं बुकिंग, शाळेची डायरी, बँकेतलं नॉमिनीचं नाव.

देवाच्या वतीने बोलण्याची ही चूक कशी टाळायची हे मार्था आणि मरीयेकडून शिका. दोघी अगदी एकच वाक्य बोलतात: "प्रभूजी, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता." एकविसावी आणि बत्तिसावी ओवी शेजारी ठेवून पाहा. पण मार्था उठून रस्त्यावर येते, उभी राहते, पुढे "पण अजूनही" म्हणून बोलत राहते; तिच्याशी येशू बोलतो, शिकवतो, विचारतो. मरीया पायाशी पडते आणि रडते; तिला तो एक शब्दही शिकवत नाही. वाक्य तेच, गरज वेगळी. तुमच्या मैत्रिणीचा नवरा "देवाने असं का केलं?" म्हणेल तेव्हा उत्तर द्यायच्या आधी तो कुठल्या अंगाने बोलतोय ते बघा. तुमच्याकडे पाहून, थांबून, पुन्हा विचारत असेल तर त्याला बोलायचं आहे. खाली पाहत असेल, वाक्य अर्धं सोडत असेल, तर बसून राहा. चुकायचंच असेल तर बसून राहण्याच्या बाजूने चुका. मुलं आणि मालमत्ता गमावलेल्या ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कुणी बोललं नाही. तोपर्यंत त्यांचं बरोबर होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर, आणि शेवटच्या अध्यायात देव त्यांच्यातल्या अलीफजाला सांगतो की मी तुझ्यावर आणि तुझ्या दोन्ही मित्रांवर रागावलो आहे.

काही वाक्यं तुम्ही बोलणार नाही याची खात्री आहे, पण दुसरा कुणी बोलला तर अडवता आली पाहिजेत. "बरं झालं, सुटली." घरच्यांना ती हवी होती, आजारीसुद्धा हवी होती. "देवाला चांगली फुलं आवडतात." यातून मुलं एवढंच शिकतात की चांगलं वागलं की देव नेतो. आणि सर्वांत घातक ते: "प्रार्थनेत विश्वास कमी पडला." कर्करोगाच्या घरात हे हमखास कुणीतरी बोलतं, कारण आधी महिनोन्‌महिने बरं होण्यासाठी उपास-प्रार्थना झालेल्या असतात. त्या नवऱ्याच्या मनात ते वाक्य वर्षानुवर्षं राहतं. त्याला एवढं दाखवा: बेथानीच्या बहिणींनी वेळेत निरोप पाठवला होता, येशूचं त्यांच्यावर प्रेम होतं, आणि तरी तो मुद्दाम दोन दिवस थांबला, पोहोचला तेव्हा कबरेत चार दिवस झाले होते. पौलाचा सोबती एपफ्रदीत मरता मरता वाचला. दुसरा सोबती त्रफिम याला पौलाने मिलेतात आजारीच सोडलं. प्रार्थना करणारा तोच होता.

मुलांचं वेगळं. लहान मुलाला 'आई झोपली आहे' असं सांगू नका. 'झोप' हा नव्या करारातला सुंदर शब्द आहे. दफनभूमीसाठीचा जुना ग्रीक ख्रिस्ती शब्दही 'झोपण्याची जागा' असाच होता. पण पाच-सहा वर्षांचं मूल शब्दशः घेतं आणि रात्री झोपायला घाबरतं, किंवा आई कधी उठेल ते विचारत राहतं. मोठ्यांचंही तसंच झालं होतं: येशू "लाजर झोपला आहे" म्हणाल्यावर शिष्य म्हणाले, मग बरा होईल! तेव्हा त्याने उघड सांगितलं, "लाजर मेला आहे." तुम्हीही तसंच करा. साधारण असं: "आई मेली. तिचं शरीर काम करायचं थांबलं. ते आता दुखत नाही. आपण तिला कबरस्थानात ठेवलं आहे. येशू तिला एक दिवस उठवणार आहे. कधी, ते आपल्याला माहीत नाही. मलापण तिची खूप आठवण येते." एवढंच, आणि मग मूल जे विचारेल त्याला. तोच प्रश्न पुन्हा वीस वेळा येईल. वीस वेळा तेच शब्द वापरा, बदलू नका. 'देवाने नेली' हे टाळा, त्याने देव चोर होतो. मूल मध्येच खेळायला पळालं तर पळू द्या, मुलांचा शोक तुकड्यातुकड्यांनी येतो.

दोन महिने ही वेळ तुमच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पहिल्या आठवड्यात डबे जास्त होतात आणि वाया जातात. आठव्या-दहाव्या आठवड्यात फोन बंद होतात आणि खरी पोकळी तेव्हा दिसते. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, शोकातल्या माणसाला काय लागतं ते सुचत नाही. ठरलेला दिवस आणि ठरलेलं काम घ्या: दर बुधवारी संध्याकाळी दोन्ही मुलं माझ्याकडे, जेवून परत. किमान वर्षभर, आणि एखादा बुधवार चुकणार असेल तर आदल्या दिवशी कळवून, कारण या मुलांना 'अचानक आली नाही' याची भीती बसलेली असते. मृत्युप्रमाणपत्राच्या आठ-दहा प्रती काढल्या आहेत का बघा. बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधी, गॅस, शाळा सगळीकडे लागतात. तिचे तुमच्या मोबाइलवरचे व्हॉइस मेसेज आणि फोटो आजच दोन ठिकाणी उतरवून ठेवा. फोन बदलताना ते जातात आणि मग मुलांसाठी आईचा आवाज उरत नाही. एक वही करा. त्यात तिच्याबद्दलच्या तीस-चाळीस छोट्या गोष्टी, प्रत्येक चार-पाच ओळींची, साल आणि ठिकाण घालून: शाळेत असताना, पहिली नोकरी, मुलगा झाला ती रात्र. या गोष्टी नवऱ्याला ठाऊक नाहीत, तुम्हालाच आहेत. पंधरा वर्षांनी तिची मुलगी हेच विचारणार आहे, आणि तोपर्यंत तुम्हीही बरंच विसरलेल्या असाल.

यासाठी राजा दावीद आणि त्याचा जिवलग मित्र योनाथान यांची गोष्ट शेवटपर्यंत वाचायला हवी. सगळे दुसऱ्या शमुवेलच्या पहिल्या अध्यायातल्या शोकगीतापाशी थांबतात. योनाथान मेला तेव्हा त्याचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा होता. पळापळीत दाईच्या हातून पडून तो पांगळा झाला. नवव्या अध्यायात दावीद विचारतो, योनाथानासाठी ज्याच्यावर दया करावी असं त्या घराण्यात कुणी उरलं आहे का? मग तो त्याला आजोबांची जमीन परत देतो आणि रोज स्वतःच्या पंक्तीला बसवतो. जमीन आणि पान, दोन ठोस गोष्टी. पण तोपर्यंत मफीबोशेथाला स्वतःला मुलगा झालेला होता. दावीदाचं शोकगीत ताबडतोब आलं, पंक्तीचं पान फार उशिरा आलं. तुम्ही तो उशीर करू नका.

उपासनेतले चार शब्द. आधी पाळकांना विचारा की कधी आणि किती वेळ. ऐनवेळी उठू नका. कॅथोलिक दफनाच्या मिस्सेत प्रवचनाच्या जागी गुणगान करायचं नसतं, मित्राचे शब्द ख्रिस्तशरीर घेतल्यानंतर, अखेरच्या निरोपाच्या आधी येतात. तेही धर्मगुरूंच्या संमतीने. चार मिनिटं धरा. वाचून दाखवायचे मराठी शब्द साधारण चारशे ते साडेचारशे होतात. त्यापेक्षा लांब गेलं की नवरा आणि मुलं समोर बसून सोसत राहतात.

मजकुरात एक प्रसंग पुरा सांगा, दहा गुण मोजू नका. 'ती प्रेमळ, मनमिळाऊ, प्रार्थनाशील होती' हे कुणाबद्दलही म्हणता येतं. ती दर रविवारी उशिरा यायची आणि मागच्या बाकावरून पहिली गाणं उचलायची, हे फक्त तिच्याबद्दल म्हणता येतं. तिचं बोलण्यातलं एखादं वाक्य तिच्याच शब्दांत घ्या. तिला संत करू नका. मुलांना खरी आई हवी असते. आजाराचा तपशील, शेवटचे दिवस, दवाखान्यात कुणाचं काय चुकलं, हे इथे नको. "ती वरून आपल्याकडे बघते आहे" हेही नको; आपला विश्वास तसं स्पष्ट सांगत नाही आणि मुलांना ते नजर ठेवल्यासारखं वाटतं. शेवटी आशेचं एकच वाक्य, शास्त्रातलं, जसंच्या तसं. त्यानंतर स्वतःचं काही जोडू नका. वाचन तुम्हीच निवडणार असाल तर योहान ११, ओव्या १७ ते २७ घ्या. "होय प्रभूजी, माझा विश्वास आहे" या मार्थेच्या उत्तरावर ते संपतं आणि लाजर अजून कबरेतच असतो. आपण सगळे त्याच ओवीवर उभे आहोत. ४४ पर्यंत वाचलं तर समोर बसलेल्या मुलाच्या मनात येतं की मग माझी आई का नाही आली.

कागदावर मोठ्या अक्षरात, ओळींत अंतर सोडून लिहा. घरी किमान तीनदा मोठ्याने वाचा. पहिल्या दोन वेळा जिथे गळा भरतो त्या जागा पेन्सिलीने खुणा करा, तिथे थांबायचं आणि श्वास घ्यायचा. एक प्रत दुसऱ्या कुणाकडे द्या आणि त्याला सांगून ठेवा की मी थांबले तर तू पुढचं वाच. बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही, पण प्रत दिलेली असली की आवाज टिकतो.

तुमच्या स्वतःच्या प्रार्थनेसाठी ८८ वं स्तोत्र सुचवतो. बाकीची बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. त्याच्या शेवटच्या ओवीत मित्र आणि सोबती दूर केल्याची तक्रार आहे, आणि इब्री मजकुराचा अगदी शेवटचा शब्द अंधार. एवढं काळं स्तोत्र बायबलमध्ये ठेवलं गेलं, कारण तेही देवालाच उद्देशून म्हटलेलं आहे. ज्या दिवशी पुनरुत्थानाबद्दल काहीच वाटत नाही त्या दिवशी हे म्हणा आणि विश्वासांगीकार मंडळीबरोबर म्हणा. तो 'आम्ही' मिळून म्हणायचा असतो. तुमचा आवाज फुटत नसेल तेव्हा शेजारच्या बाकावरचा माणूस तुमच्या वतीने म्हणतो. जुन्या काळचा ख्रिस्ती लेखक ऑगस्टीन तरुणपणी, विश्वासात येण्याच्या आधी, आपल्या मित्राच्या मरणाने इतका खचला की गावच सोडून गेला. मित्राला त्याने आपल्या जिवाचा अर्धा भाग म्हटलं आहे. पुढे बिशप झाल्यावर त्याने ते दुःख सविस्तर लिहून ठेवलं.

एक गोष्ट स्पष्टपणे. झोप नाही, जेवण नाही, कामात लक्ष नाही, हे पहिल्या महिन्यांत होतंच. पण सहा महिने उलटूनही रोजचं जगणं ठप्पच असेल तर डॉक्टरांकडे जा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाचं निदान आहे आणि त्यावर उपचार आहेत. आणि तुमच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या तोंडून "मला तिच्याकडे जायचंय" असं निघालं तर ते भक्तीचं वाक्य समजून सोडून देऊ नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. 'हो' आलं तर माणसाला एकटं ठेवू नका आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. मराठीतही बोलता येतं. प्रार्थना आणि डॉक्टर दोन्ही एकाच दिवशी करता येतात.

राहता राहिलं कबरस्थान. १७३२ साली जर्मनीतल्या हेर्नहूट गावी मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या तरुणांची एक टोळी ईस्टरच्या पहाटे अंधारात दफनभूमीत जमली आणि सूर्य उगवताना त्यांनी कबरींमध्ये उभं राहून पुनरुत्थानाची गाणी म्हटली. पहाटेच्या उपासनेची ही रीत तिथून जगभर गेली. तुमची मंडळी त्या पहाटे कबरस्थानात जात असेल तर मुलांना घेऊन जा. जात नसेल तर तुम्ही चौघं जा. आदल्या दिवशी जाऊन गवत काढा, क्रूस सरळ करा, नाव झिजलं असेल तर रंग द्या. पहाटे अंधारात हे जमत नाही. टॉर्च, पाण्याची बाटली, झेंडूची फुलं, मुलांना स्वेटर. योहान २० च्या पहिल्या अठरा ओव्या मुलीला वाचू द्या. माळी समजून बोलणाऱ्या मरीयेला नावाने हाक येते तिथे ती थांबली तर थांबू द्या. मग तिच्या आईचं आवडतं गाणं म्हणा, आणि घरी येऊन सगळ्यांनी एकत्र न्याहारी करा.